लाडाची ढुशी

चिंगी आता अडीच महिन्यांची झाली. तिची आई पहिल्या वेताची. व्याल्यावर वासराला सडाला लागू देईना, नुसत्या लाथा झाडायची. मग चीक पिळून दोन तासांच्या आत बाटलीनं पाजला आणि तिथून पुढं मीच तिची आई. सकाळी दोन लिटर, संध्याकाळी दोन लिटर, अंगाइतकं कोमट. बाटली मात्र सडाच्या उंचीला धरायची. मान वर ताणून चोखलं की दूध पोटाच्या नेमक्या कप्प्यात उतरतं. बादलीत तोंड खुपसून घटाघटा प्यायलेली वासरं हगवणीनं वाळताना मी बघितलीत.

बाटली संपत आली की चिंगी ढुशी मारते. तिचं काही चुकत नाही. वासरू कासेला ढुशा देतं तेव्हा गाय पान्हा सोडते. पण पुढं पुढं ती रिकाम्या बाटलीवरून माझ्या मांडीकडं वळली, तिथंही पान्हा मागायला लागली. घरात सगळ्यांना गंमत. पोरगा तर तिच्या कपाळाला तळहात लावून झुंज खेळायचा.

मला हसू येईना, कारण सर्जा डोळ्यांपुढं होता. सहा वर्षांपूर्वीचा, असाच बाटलीवरचा खोंड. सोप्यापर्यंत यायचा, पाहुण्यांचे टॉवेल चोखायचा. दीड वर्षाचा झाला, अंगानं अडीचशे किलोच्या घरात गेला, आणि एके सकाळी आत्या गव्हाणीत वैरण टाकायला वाकल्या असताना त्यानं मागनं तीच लाडाची ढुशी दिली. मारायला नव्हता आला, खेळायलाच आला होता. आत्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. गुरांत वाढलेला खोंड माणसाला थोडा बिचकून असतो. बाटलीवरचा माणसाला आपल्यातलाच धरतो, आणि आपल्यातल्याशी तर टक्करच घ्यायची असते.

म्हणून यावेळी घरात फर्मान काढलं: कपाळाला हात लावायचा नाही. लाड करायचेत तर गळ्याखाली खाजवा, शेपटीच्या बुडाशी खाजवा. ढुशी दिली की बाटली काढून घ्यायची, पाठ फिरवायची, ओरडायचंसुद्धा नाही. गप्प उभी राहिली की परत बाटली. चार दिवसांत पोरीला हिशेब कळला. पदर चोखायची खोड मोडायला दूध संपल्या संपल्या तोंडात मूठभर भरडा सारत गेले. चोखायची हौसही फिटते आणि खायलाही लवकर लागते.

मोरकी, म्हणजे तोंडाभोवती बांधायची दोरी, पहिले दोन दिवस नुसती अंगवळणी पडायला घातली. मग पोट भरल्यावर दहा मिनिटं खुंट्याला, सुरगाठीनं, म्हणजे अडकली तर झटक्यात सुटेल.

चालवायच्या पहिल्या दिवशी ह्यांनी कासरा धरला आणि ओढला. चिंगीनं चारी पाय रोवले आणि सरळ आडवी पडली. तुम्ही ओढाल तेवढं वासरू मागं रेटतं. मी कासरा घेतला, तिच्या खांद्याजवळ उभी राहिले आणि तो फक्त ताठ केला. ओढला नाही, सोडलाही नाही. ती डोळे मोठे करून बघत राहिली. मीही उभी. माश्या तोंडावर बसत होत्या. पाचेक मिनिटं गेली असतील. मग मान लांबवून तिनं पुढचा एक पाय उचलला, जेमतेम वीतभर पुढं टेकवला. त्याच क्षणी मी कासरा सैल सोडला. सगळी करामत त्या सैल सोडण्यात आहे. उशीर केला तर कशाबद्दल सुटका झाली ते तिला कळत नाही. त्या दिवशी आम्ही सहा पावलं चाललो. आठवड्यात विहिरीपर्यंत गेलो.

दोन गोष्टी मात्र पाळते. कासरा हाताला गुंडाळत नाही. वासरू उधळलं तर तळव्याची सालटी निघतात. आणि बाटली दाखवून नेत नाही. मग ते बाटलीमागं चालायला शिकतं, कासऱ्याला नाही.

काल संध्याकाळी गोठ्यात गेले तर आत्या चिंगीला गुळाचा खडा चारत होत्या. दुसरा हात नेमका कपाळावर. मी नुसतं बघितलं.

"खोंड न्हवं, कालवड हाय ती," आत्या म्हणाल्या, आणि खाजवतच राहिल्या.