व्ही-क्रॉसवर ट्युनिंग बॉक्स: वाढलं काय, जागच्या जागी राहिलं काय

मंडळी, ट्युनिंग बॉक्स, म्हणजे इंजिनची ओढ वाढवायची छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी, बसवून पावसाळा उलटला, आता हिशेब मांडायला हरकत नाही. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, जुनं अडीच लिटरचं बीएस-4 डिझेल इंजिन, कागदावर 134 अश्वशक्ती आणि 320 न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर. मूळचे 245/70 आर 16 टायर काढून 265/75 आर 16 घातले तेव्हापासून गाडी सुस्तावली होती. सुस्तावणारच. नव्या चाकाचा व्यास सुमारे 54 मिलिमीटरने जास्त, म्हणजे गिअरिंग सात टक्के उंच झालं आणि जवळपास तेवढीच ओढ रस्त्यापर्यंत पोचेनाशी झाली. ती या बॉक्समधून (लोक त्याला चिपच म्हणतात) परत मिळते का, हे मला बघायचं होतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उघडून आतली मेमरी चिप खरोखर उपटायचे आणि दुसरी बसवायचे. आता ओबीडी पोर्टमधून (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटमधून) फाइल चढवतात, तो रिमॅप. माझा बॉक्स याहून साधा आहे. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी, तिचा प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये तो बसतो आणि खोटं बोलतो. रेलमध्ये 1400 बार दाब असताना ईसीयूला 1250 सांगतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, तो पंपाकडून आणखी मागतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण दाब वाढल्याने जास्त डिझेल आत जातं. मात्र डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब 12 टक्के वाढवला तर डिझेल जेमतेम सहा टक्के. विक्रेते 30 टक्क्यांच्या बाता मारतात तेव्हा हे गणित मनात ठेवावं.

या खोटेपणाचा एक परिणाम कुणी सांगत नाही. ईसीयूलाच फसवलंय म्हटल्यावर ईसीयूवर विसंबणारं सगळंच फसतं. ओबीडीला ब्लूटूथ रीडर लावून मोबाइलवर रेल प्रेशर बघाल तर ते अगदी कंपनीसारखं दिसेल, कारण ईसीयूला सांगितलेला आकडाच तिथे येतो. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज तर बॉक्स लावल्यावर छान सुधारतं! ईसीयू आपण मागितलेलं डिझेल मोजतो, प्रत्यक्षात गेलेलं नाही. "चिप लावली आणि अ‍ॅव्हरेज दीडने वाढलं" असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी फक्त डॅशबोर्ड वाचलेला असतो, असा माझा पक्का संशय आहे. टाकी फुल टू फुल भरून काढलेलं माझं अ‍ॅव्हरेज होतं तिथेच आहे. घाई केली की थोडं खालीच येतं.

वेगाची चाचणी सोलापूर रस्त्याला भिगवणच्या पुढे, पहाटे, एसी बंद ठेवून. तिसरा गिअर, 40 ते 80, पेडल तळाला, दोन्ही दिशांची सरासरी. बॉक्सविना सव्वानऊ सेकंदांच्या आसपास, बॉक्सच्या मधल्या सेटिंगला साडेआठ. म्हणजे मोठ्या टायरांनी खाल्लेलं साधारण परत आलं, पण फक्त दोन हजार आरपीएमच्या वर. हा "पण" फार महत्त्वाचा.

ताम्हिणीत किंवा आंबोलीत गाडी जिथे रडते ती जागा 1200-1400 आरपीएमची. वळणावर वेग पडलेला, पुढे एसटी, आपण आळसाने तिसऱ्यातच. त्या आरपीएमला इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोत दमच नसतो. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनात धूर टाळायचा तर त्याहून बरीच जास्त. बॉक्स डिझेल वाढवतो, हवा नाही. खाली हवा नसताना डिझेल ओतलं की मागच्या गाडीवाल्याला काळा धूर मिळतो, मला ओढ मिळत नाही. तिथे उपाय एकच: दुसरा गिअर टाका. पूर्ण रिमॅपमध्ये व्हेरिएबल टर्बोच्या पात्यांची स्थिती, बूस्टचं लक्ष्य, इंजेक्शनचं टायमिंग हे सगळं बदलता येतं, त्यामुळे खालचा भाग थोडा सुधारतो. तरी टर्बोचा आकार, इंटरकूलर, कॉम्प्रेशन रेशो आणि डिफरन्शियलचे दाते कुठल्याच फाइलमध्ये नसतात.

तसं घाट चढायला ताकद फार लागतही नाही. भरलेली गाडी 2400 किलोची धरा, चढ पंधरास एक, वेग 40. आकडेमोड केली तर चाकाशी 20-21 किलोवॉट पुरतात. 320 न्यूटन मीटर 1800 आरपीएमला मिळाले तर तेच 60 किलोवॉट होतात. आपण घाटात अडकतो ते वळणांमुळे आणि पुढच्या कंटेनरमुळे.

एक्झॉस्टच्या उष्णतेकडे मात्र माझं बारीक लक्ष आहे. टर्बोच्या आधी तापमान मोजणारा प्रोब बसवून घेतला. लांब चढावर बॉक्सविना 560 अंशांच्या आसपास, मधल्या सेटिंगला 640. वरच्या सेटिंगला आकडा थांबायचं नाव घेईना. अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनचा विचार करून मी 700 वर रेघ मारली आहे. काटा तिथे आला की पाय वर. त्याच वरच्या सेटिंगला चौथ्या गिअरमध्ये पेडल दाबलं तर आरपीएम चढले, वेग नाही, आणि केबिनमध्ये जळका वास. क्लच घसरला. इंजिन टॉर्क द्यायला तयार आहे, प्लेट तो पकडायला तयार नाही. तेव्हापासून बॉक्स मधल्या सेटिंगवरच.

मागचे ड्रम ब्रेक, पाटे, हौद्यात किती किलो टाकायचे याची मर्यादा, यांतलं काहीच बदललेलं नाही, हे सांगायला लागू नये. पण "आता 200 किलो जास्त घेईल का?" असं विचारणारे भेटतात. नाही घेणार.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना वाव देत नाहीत. वॉरंटी आणि विम्याचं कसं होतं ते वेगळं सांगायला नको. बीएस-6 गाडीवाल्यांनी तर जास्तच जपावं, वाढीव काजळी थेट डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीत) साठते. आणि तो डीपीएफ काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठावं. अमेरिकेत हाच खेळ इतका झाला की तिथल्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून प्रदूषण नियंत्रणाचे भाग निकामी केल्याचा अंदाज दिला.

बाकी दोन वस्तूंबद्दल सारखी विचारणा होते. ओबीडी पोर्टमध्ये खुपसायचे स्वस्त "इंधन बचत" डोंगल: आत दिवे लुकलुकण्यापलीकडे काही नसल्याचं लोकांनी ते उघडून दाखवलंय. पेडल कंट्रोलर: तो फक्त पेडल अर्धं दाबलं की पाऊण दाबल्यासारखं सांगतो. पाय तळाला नेऊन वेळ मोजा, फरक शून्य. शहरात गाडी तरतरीत वाटते, हे मात्र खरं. विनाटर्बो पेट्रोलवाल्यांनो, तुमच्याकडे हवा वातावरणाच्या दाबानेच येणार, फाइलमधून फारसं काही निघत नाही.

सध्या अडलंय ते क्लचवर. मिस्त्री म्हणतो हेवी ड्युटी प्रेशर प्लेट बसवू, पण पेडल जड होणार, आणि चांदणी चौकातल्या संध्याकाळी ते माझ्या गुडघ्याला झेपेल असं वाटत नाही. कंपनीचीच नवी प्लेट घालून मधल्या सेटिंगवर राहावं, याकडे कल आहे. कुणी व्ही-क्रॉसवर जड प्लेट वापरली असेल तर पेडलचा अनुभव कळवा.