तांबडा पट्टा

"त्यो तांबडा पट्टा दिसतोय न्हवं? पानी तिथनंच येतं बाळा."

आज सकाळी पुरंदरच्या डोंगराखालच्या एका ओढ्यात कळशी टेकवता टेकवता आजी सहज बोलून गेल्या. दरडीत काळ्या कातळाखाली वीतभर जाडीचा, विटेसारखा तांबडा थर. त्याच्या वरच्या कडेनं थेंब थेंब पाणी पाझरत होतं. बोट लावलं तर गार ओल, आणि नखात तांबडी माती.

ही माती साधी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर निवला, त्याचा वरचा भाग झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली. वरच्या भेगाळ कातळातून मुरलेलं पाणी या चिकट थरावर अडतं आणि बाजूनं बाहेर पडतं. आजींना हे कुणी शिकवलं नाही. प्रत्येक उन्हाळ्यात कळशी भरता भरता त्यांना ते कळलं.

जरा खाली मात्र खोलीकरणात यंत्रानं तोच थर फोडलाय. तिथे सगळं कोरडं ठणठणीत. फार वाईट वाटलं.

ओढा खोल करण्याआधी आजींना कुणी विचारलं असेल का?