तूप की भात?

रविवारी वरणभातावर तुपाची धार सोडली, तर धाकट्याने ताट मागे सरकवलं. "ताई, तूप दे हवं तेवढं, भात नको." जिम लावल्यापासूनचं नवं सोवळं. बाबांचं नेमकं उलट! अँजिओप्लास्टीनंतर तूप वर्ज्य, भात मात्र दोनदा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर असंच दोन गटांत विभागलं होतं. अभ्यास २०१८ साली छापून आला. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकंवाल्यांचं ६. म्हणजे फरक नगण्यच. साखर-मैदा टाळून भाज्या भरपूर खा, असं मात्र दोन्ही गटांना बजावलेलं. खरी मेख तिथेच असावी, असं आपलं मला वाटतं.

हे सांगेपर्यंत आईने लक्ष्मी रोडवरून आणलेली बाकरवडी काढली. बेसन, मैदा, तेल, सगळं एकत्र. दोघांचे हात एकदमच डब्यात.