आमची वाटचाल : गाडी रात्री ठेवून जा

इंजिनाच्या आवाजाची तक्रार घेऊन आमच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, "गाडी संध्याकाळी आणा आणि रात्री इथेच ठेवून जा." आवाज तर आत्ताही येतोय, मग रात्रभर कशाला, असं बरेच जण विचारतात. काही जण तिथूनच परत जातात. पण आमचा धंदा या अटीवरच उभा राहिला, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

बाबांनी 1989 साली पर्वतीच्या पायथ्याला गॅरेज टाकलं. जागा इतकी की दोन गाड्या आत, तिसरी रस्त्यावर. कामाला यायच्या त्या प्रीमियर पद्मिनी आणि मारुती 800. सुटे भाग नाना पेठेतून आणायचे, तेही सायकलवर. दादा शाळेपासूनच पाना धरायला शिकला होता. मी बी.कॉम. झाल्यावर हिशेब बघायला बसले आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार नोंदवायचा कागद, लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक पाच मिनिटं बोलायचं आणि मी एका ओळीत लिहायचे, 'इंजिनाला आवाज'. बाबांनी एकदा ते कार्ड माझ्यासमोर धरलं. "यावरून मी काय शोधू? ते जे म्हणाले, जसं म्हणाले, तसंच लिही."

तेव्हापासून मी वही घातली. आपल्या मराठीत आवाजाला शब्द किती आहेत ते मला त्या वहीमुळे कळलं. टिकटिक, ठकठक, खळखळ, किरकिर, घरघर, पचपच. गिऱ्हाइकाला इंजिनातलं काही कळत नसेल, पण शब्द तो नेमका निवडतो. टिकटिक म्हणणाऱ्याच्या गाडीत बहुतेकदा टॅपेटचं, म्हणजे झडपा दाबणाऱ्या भागांमधलं, अंतर वाढलेलं निघायचं. 'आतून कुणीतरी दार ठोठावतंय' असं कुणी म्हटलं की बाबा गंभीर व्हायचे, कारण तो बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा रॉड खालच्या क्रँकला जोडला जातो तिथला, आवाज असू शकतो. पचपच असेल तर धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यातल्या गॅस्केटपाशी काळी काजळी शोधायची. जुलैत सकाळी चिर्र करून दोन मिनिटांत थांबणारा आवाज म्हणजे ओला झालेला, गुळगुळीत झालेला किंवा सैल पडलेला बेल्ट.

शब्दाइतकीच वेळही महत्त्वाची. पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो त्या बोअरमधली फट वाढली असेल तर गार इंजिन वाजतं आणि गरम होऊन पिस्टन फुगला की गप्प होतं. टायमिंग चेन सैल असेल तर ती पहिले दोन-चार सेकंद खळखळते, तेल वर पोचलं की थांबते. आता पुण्यात कुठूनही कुणी गाडी चालवत आमच्याकडे आणली, तर ती दारात येईपर्यंत गरम झालेली असते. निम्मा पुरावा रस्त्यातच पुसला गेलेला असतो. म्हणून गाडी रात्रभर ठेवायची. सकाळी सातला बॉनेट उघडून एक जण इंजिनाशी उभा राहतो, दुसरा चावी फिरवतो आणि पहिली तीस सेकंदं कुणीही बोलत नाही.

आमची खरी ओळख झाली ती एका निवृत्त शिक्षकांच्या मारुती 800 मुळे. गाडी कार्ब्युरेटरची होती. दुसरीकडे दोनदा टॅपेट सेट करूनही टकटक गेली नव्हती आणि आता हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला सांगितलं होतं. सर म्हणाले, "पेन्शनीत बसेल तेवढंच सांगा." बाबांनी आधी टायमिंग लाइट लावला. हा दिवा एका प्लगच्या वायरीला अडकवला की तो सिलिंडर पेटेल तेव्हा चमकतो, म्हणजे क्रँकच्या, पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे चमक आणि ठोका एकास एक असतील तर आवाज बहुतेकदा कॅमकडचा. एका चमकेत दोन ठोके पडले तर तो क्रँककडचा. सरांच्या गाडीत एका चमकेला एकच ठोका होता. म्हणजे दोष वरच्या बाजूला, पण टॅपेट तर बरोबर होते. मग बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावली आणि टोक एकेका जागी टेकवत गेले. पेट्रोल पंपावर टोक ठेवलं आणि त्यांनी मला हाक मारली. मी कान लावला. दाताला झिणझिण्या आल्या, एवढा कडक ठोका.

त्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे त्याचा ठोका टॅपेटसारखाच वाटतो. खात्री कशी केली तेही सांगते. पंप आणि त्याचा दांडा काढला, पेट्रोलची नळी बंद केली, उघडं भोक पत्र्याने झाकलं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा-एक मिनिट चालू दिलं. टकटक नाहीशी झाली. नवा पंप बसवला आणि सर दुपारी गाडी घेऊन गेले. हेडच्या एकाही बोल्टला हात लागला नाही. पुढच्या वर्षभरात त्यांच्या ओळखीने इतक्या गाड्या आल्या की मला वही बदलावी लागली.

बाबांनंतर आमच्या हातून एक मोठी चूक झाली. मारुती झेन होती, गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना खोल ठकठक, दिव्याच्या एका चमकेत दोन ठोके. आम्ही बेअरिंग समजून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, बेअरिंगं काढली. सगळी स्वच्छ. पुन्हा बांधलं आणि आवाज जसाच्या तसा. शेवटी दादाने क्रँकची पुली हाताने हलवून पाहिली. पुलीचा बोल्ट सैल होता आणि पुली दांड्यावर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजून पुली मागेपुढे आपटत होती. तो आवाज हुबेहूब बेअरिंगचा. त्या गिऱ्हाइकाकडून आम्ही पुली, चावी आणि बोल्टचेच पैसे घेतले. चार दिवसांची मजुरी आमच्या अंगावर पडली आणि ती पडायलाच हवी होती. तेव्हापासून कुठलाही ठोका ऐकला की सगळे बेल्ट काढून मिनिटभर इंजिन चालवायचं, पुली आणि इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन हाताने तपासायचं, ऑइल प्रेशरला वेगळं मीटर लावून बघायचं आणि त्यानंतरच चेंबरला हात लावायचा, असं मी भिंतीवर लिहून ठेवलं.

त्याच सुमारास आम्ही ऐकण्याचे पैसे घ्यायला लागलो. दादाचा विरोध होता. त्याचं म्हणणं, पुण्यात नुसतं बघण्याचे पैसे कोण देईल? पण मी हिशेब बघत होते. शोधायला दोन दिवस जायचे आणि निघायचा दीडशे रुपयांचा बेल्ट. शोधण्याचं मोल फक्त दुरुस्तीतूनच काढायचं ठरवलं, तर कधी ना कधी नको ते काम काढायचा मोह होणारच. म्हणून फी वेगळी ठेवली आणि ती पुढच्या बिलातून वळती करत नाही. आवाज निरुपद्रवी असेल तर तसं कागदावर लिहून देतो, गाडी परत.

रात्री मुक्कामाला गाड्या ठेवायच्या तर जागा हवी, म्हणून 2011 मध्ये धायरीला शेड घेतली. कर्ज डोक्यावर होतं, पहिली दोन वर्षं फार ओढाताणीची गेली. जागा बदलण्याचं आणखी एक कारण होतं. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की जुन्या जागेत संध्याकाळी आवाज शोधणं अशक्य व्हायचं. चढावर पिंगिंग, म्हणजे इंजिनावर जोर पडला की येणारी खणखण, येतं अशी तक्रार असलेली गाडी आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला नेतो, तेही सकाळीच.

सांगूनही मालकांनी ऐकलं नाही अशी एक गाडी मनातून जात नाही. प्लगची वायर काढली की दोन नंबरच्या सिलिंडरचा ठोका दबायचा, म्हणजे त्याच रॉडचं बेअरिंग गेलेलं. गाडी चालवू नका, टो करून न्या, असं मी लिहून दिलं होतं. घरात कार्य होतं, ते साताऱ्याकडे निघाले. खंबाटकी घाटात रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं. माणसं सुखरूप राहिली. आता अशी गाडी असेल तर मी घरच्या दुसऱ्या माणसालाही फोन करते.

आज आम्ही सात जण आहोत. लॅपटॉप, स्कॅनर, इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप सगळं आहे आणि ते लागतंही. वही अकरावी चालू आहे. नवीन मुलगा आला की पहिले तीन महिने तो माझ्याशेजारी बसून गिऱ्हाइकाचे शब्द लिहून घेतो, पाना त्यानंतर. सध्या शेडमध्ये एक जुनी एस्टीम आहे. बाई म्हणतात, "सकाळी कुकरची शिट्टी होता होता राहावी तसं वाजतं." दोन सकाळी वाजलं नाही. आज तिसरी रात्र ठेवली आहे.