'ऐवजी'चा रकाना

काका केबिनमध्ये शिरले तेच डबा हातात घेऊन. सोया प्रोटीनची पावडर, तळाला आलेली. "तीन महिने, मॅडम. एक दिवस चुकवला नाही," म्हणाले आणि रिपोर्ट पुढे सरकवला. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आधी १५८, आता १५६. एवढा फरक तर काही न करताही दिसतो.

सोयाने एलडीएल फार उतरतं अशातला भाग नाही. सरासरी तीन-चार टक्के. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये 'हृदयासाठी चांगलं' हा दावा सोयाच्या पाकिटांवर छापायला परवानगी दिली, आणि २०१७ मध्ये तीच मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. तरी इथे तेवढंही नव्हतं.

मग काकूंनी पर्समधून वही काढली. मी महिन्याभरापूर्वी 'जे खाल ते लिहा' म्हटलं होतं, ते त्यांनी शब्दशः घेतलेलं. सकाळ: ब्रेड चार, लोणी दोन मोठे चमचे, चीज तीन स्लाइस. पुढच्या ओळीत, अक्षर न बदलता: 'शिवाय पावडर.'

प्रत्येक पानावर तेच. शिवाय पावडर.

मी तिथेच हिशोब मांडला. मोठ्या चमचाभर लोण्यात एलडीएल वाढवणारी संपृक्त चरबी सुमारे सात ग्रॅम, म्हणजे दोनात चौदा. चीजचे दहा-बारा. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांना दिवसभरात साधारण तेरा ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. काका नाश्त्यालाच जवळपास दुपटीवर गेले होते. काकूंकडे बघून म्हणाले, "तू लिहिलंस म्हणून कळलं." काकू काही बोलल्या नाहीत.

"म्हणजे डबा फेकू?"

"डबा राहू द्या. चीज काढा."

खरं तर पावडरपेक्षा मला अख्खी कडधान्यं आवडतात. त्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना (पित्तातल्या, चरबी पचवणाऱ्या आम्लांना) धरून बाहेर नेतो, आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. डब्यात हा तंतू जवळपास नसतोच. काकांची किडनी ठणठणीत होती म्हणून हे बेधडक सांगितलं; कडधान्यांत पोटॅशियम बरंच असतं, ते रक्तात आधीच वाढलेल्या माणसाला सांगितलं नसतं.

वहीत एक रकाना आखून दिला: 'कशाऐवजी?'

तीन महिन्यांनी एलडीएल १३४. डॉक्टरांनी तरीही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, आणि काका माझ्यावरच रुसले. वही मात्र काकूंनी दाखवली. 'चीजऐवजी उकडलेले राजमे.' शेजारी कंसात: (कुरकुर).