फाउंटनपाशी मामंजी बसले ते बसलेच

बेळगावच्या माणसाला मुंबई बघायला वेळ कधीच नसतो. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाला टाटाला दाखवायचंय, कुणाचा व्हिसा. डोंबिवली नाहीतर विरारला उतरायचं, काम उरकायचं आणि समुद्राचं तोंडही न बघता रात्रीच्या बसनं परत. यंदा नणंदेच्या मुलीचं लग्न डोंबिवलीत होतं, म्हणून गेलो. लग्न छान झालं. त्याबद्दल एवढंच, कारण जेवणाबद्दल लिहायला बसले तर नणंद वाचणार.

बसचं मात्र सांगतेच. मामंजींचं वय ७८. तिकीट काढताना खालचा बर्थ म्हणून दोनदा सांगितलं होतं, मिळाला वरचा. ड्रायव्हर म्हणाला, "अॅडजस्ट करा की." मग मी वर चढले आणि मामंजी माझ्या जागेवर, एका अनोळखी माणसाच्या शेजारी. त्यात एसी असा की कराडच्या आधीच सगळी बस शाली पांघरून बसलेली.

लग्नानंतरच्या रविवारी भाच्यानं आम्हा दोघांसाठी फोर्टमधला हेरिटेज वॉक बुक करून ठेवला. हे, म्हणजे माझे मिस्टर, भाड्याची भांडी परत करायला थांबले. वॉकला माणशी सहाशे रुपये. चालायला पैसे लागतात हे मामंजींना सांगितलंच नाही, भेट आहे म्हटलं.

मामंजी मूळचे निपाणीचे. सगळी नोकरी रस्त्यांच्या खात्यात, ओव्हरसीअर म्हणून. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, कुठला रस्ता कुठे खचतो हे अजून सांगतात. त्यांना इमारतींचं कौतुक कमी. हॉर्निमन सर्कलला सगळे वर एशियाटिकच्या खांबांकडे बघत होते, तेव्हा हे खाली फुटपाथची घडण बघत होते. एशियाटिक म्हणजे जुना टाउन हॉल, १८३३ चा, पायऱ्या तीस. "चढायच्या काय?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर खूश.

गाइड म्हणजे आर्किटेक्चर शिकणारा एक पोरगा. बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, मध्येच आम्हा दोघांकडे बघून मराठी. पोरगा अभ्यासू होता. सेंट थॉमस कॅथेड्रल बाहेरूनच दाखवलं, रविवार म्हणून आत प्रार्थना चालू होती. १७१८ सालचं चर्च. कोटाच्या भिंतीतला त्या बाजूचा दरवाजा याच्यावरूनच चर्चगेट. मग तो सहज म्हणाला की जुन्या मुंबईतले मैल या चर्चपासून मोजायचे आणि ते मैलाचे दगड अजून काही ठिकाणी उभे आहेत.

मामंजी एकदम जागे झाले. "कुठं?"

पोरगा म्हणाला, आपल्या रूटमध्ये नाहीत, पण काळबादेवीला एक आहे. मामंजींनी मला डोळ्यानं खूण केली. मी न बघितल्यासारखं केलं. माझे सहाशे रुपये गेले होते.

फाउंटनला पोचलो. मुंबईचे लोक अजून फाउंटनच म्हणतात. पोरानं तिथं मनापासून सांगितलं. फ्लोरा ही फुलांची रोमन देवी. कारंजं १८६४ चं, दगड इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. आधी ते भायखळ्याच्या बागेत बसायचं होतं. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या आणि चर्चगेट दरवाजाच्या जागी हे उभं राहिलं. मुंबईत १९९५ मध्ये वारसा वास्तूंचे नियम आले, यादी झाली, सहाशेहून जास्त नावं, प्रत्येकाला श्रेणी. हे पहिल्या श्रेणीत. मधली कित्येक वर्षं थरावर थर रंग फासून ठेवला होता, तो उतरवून दुरुस्ती केली आणि २०१९ च्या जानेवारीत पाणी पुन्हा सुरू झालं. दुरुस्तीच्या वेळी खणताना ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्यानंतर ते रूळ डांबराखाली तसेच.

"काढायला पैसे लागतात," मामंजी मला म्हणाले. "वरनं ओतायला कमी लागतात. आम्ही बी तेच केलं."

वीसेक मिनिटं झाली असतील. पोरगा म्हणाला, चला, आता काळा घोडा. आणि चालायला लागला. कारंज्यापासून हाकेच्या अंतरावर हुतात्मा स्मारक आहे. मशाल धरलेले दोघं, शेतकरी आणि कामगार. त्याच्याकडे पाठ करून सगळे निघाले.

मामंजी हलले नाहीत. "आणि हे? हे सांग की."

पोरगा थांबला. चांगला होता, खरंच. म्हणाला, "काका, ते नंतरचं आहे. आपण आज व्हिक्टोरियन पिरियड करतोय."

"बरं," मामंजी म्हणाले, आणि जवळच्या कट्ट्यावर बसले. तोंडावर राग नाही, आवाज चढवणं नाही. नुसते बसले. मी म्हटलं, मामंजी, लोक पुढे गेले. ते म्हणाले, "जा की तू. मी हितंच हाय."

आता सांगते. निपाणीला १९५६ मध्ये मामंजी अकरा वर्षांचे होते. बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, जाणार हे कळल्यावर जे पेटलं ते त्यांनी दाराच्या फटीतून बघितलं, कारण वडिलांनी बाहेर जाऊ दिलं नाही. १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला. मारुती बेन्नाळकर, निपाणीच्या कमळाबाई मोहिते, ही नावं आमच्या घरात नातलगांची घ्यावीत तशी घेतली जातात. मुंबईत त्याच्या आधी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, याच चौकात मोर्चावर गोळ्या चालल्या आणि पंधरा माणसं गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत मुंबईच्या गिरणी कामगारांबरोबर आमच्या सीमाभागाचीही नावं आहेत. मुंबई मिळाली. आम्ही राहिलो तिथंच. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा झालीय की माझी मुलगी पुढचं वाक्य आधीच म्हणते आणि आजोबांची बोलणी खाते.

त्यामुळे मला खरं तर कंटाळा आला होता. ऊन चढत होतं, आजूबाजूला टॅक्सीवाले, आणि म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस, दर १७ जानेवारीला आमच्या बेळगावच्या हुतात्मा चौकात हार घालणं, हे सगळं मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. इथं सुट्टीत तरी नको, असं वाटत होतं.

तेवढ्यात वॉकमधलं एक जोडपं परत आलं. बंगळूरचे, तिशीतले. सकाळपासून दोघं आपापसात कानडी बोलत होते. बाईंना वाटलं असावं की आजोबांना चक्कर आली. पाण्याची बाटली पुढे केली आणि इंग्रजीत विचारलं, बरं आहे ना?

मामंजींनी तिला कानडीत उत्तर दिलं. उभी हयात कानडीत रिपोर्ट लिहिलेला माणूस तो. "कूड्री, कूड्री" म्हणत शेजारची जागा हातानं झाडून दिली. ती दोघं आधी चकित झाली, मग हसली. आमच्याकडची कानडी बंगळूरवाल्यांना जरा रांगडी वाटते, ते चालायचंच. तिनं विचारलं, हे स्मारक कशाचं? आणि मामंजींनी, ज्यांनी जन्मभर कन्नडसक्तीला शिव्या दिल्या, त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा लढा बंगळूरच्या त्या जोडप्याला अस्खलित कानडीत सांगितला. ५५ चा मोर्चा, ५६ चा जानेवारी, फटीतून बघितलेला बाजार, सगळं. कमळाबाईंचं नावसुद्धा.

मला कानडी कामापुरतीच येते, पण गोष्ट पाठ होती, म्हणून शब्द न् शब्द कळला. एक फरक होता. घरी सांगताना ते चिडतात. तिथं चिडले नाहीत. नवऱ्यानं एक प्रश्न विचारला: मग तुम्ही नोकरी कर्नाटक सरकारची का केली? मला वाटलं, आता पेटणार. मामंजी म्हणाले, "रस्ते आमच्याच गावचे होते की." हे त्यांनी कधी घरी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

ती दोघं वॉक गाठायला गेली. आम्ही गेलो नाही. त्यामुळे ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक आणि समोर आर्ट डेको, ज्याला २०१८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, ते आमचं राहिलं. राजाबाई टॉवरही टॅक्सीतून मान वाकडी करून जेवढा दिसला तेवढाच. तुम्ही बघा.

आम्ही काळबादेवीला गेलो, दगड बघायला. रविवार असूनही गर्दी. दोन दुकानदारांना विचारलं, त्यांना माहीत नाही. तिसरा म्हणाला, "वो पत्थर? सामने तो है." काळ्या बसाल्टचा, कमरेपेक्षा बुटका, इंग्रजी अक्षरात सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर, आकडा रोमन. १८१६ ते १८३७ या काळात असे दगड बसवले गेले. बऱ्याच दगडांचं नुसतं डोकं फुटपाथवर उरलं होतं. महापालिकेच्या वारसा विभागानं ते शोधून, उकरून, साफ करून पुन्हा वर काढले.

मामंजी तिथं जेवढे रमले तेवढे लग्नातही नव्हते. दगड बुडाला तो कसा, हे त्यांनी मला रस्त्यात उभं राहून समजावलं. दगड काही खचत नाही. रस्ता वर येतो. दर डांबरीकरणाला दोन-तीन इंच चढतात, जुना थर खरवडून काढायचं अंदाजपत्रकात असतं, पण खरवडतो कोण? रस्ता चढला की फुटपाथ चढवायचा, फुटपाथ चढला की दुकानाचा उंबरा खाली जातो आणि पावसाळ्यात पाणी आत. ते नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे मैल आणि फर्लांगाचे दगड उपटून किलोमीटरचे बसवण्याचं काम अजून उरलेलं होतं. उपटलेल्यांचं काय केलं? "मोरीला घातले. चांगला घडीव दगुड, टाकायचा कसा?" मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे, सफा मशिदीलाही आहे. रस्त्यावरच्या दगडाला बोर्ड कोण लावणार? खानापूर रोडच्या कुठल्या मोऱ्यांत ते दगड आहेत हे सांगू शकणारे आमच्या घरातले हे एकच, आणि त्यांनाही आता सगळ्या आठवत नाहीत.

मग जीपीओकडे आलो, कारण लोकल सीएसएमटीहून धरायची होती. मिंट रोडवर रतनसी मुळजी जेठा यांचं कारंजं आहे, १८९४ चं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्यानं बोरीबंदरचं स्टेशन आणि समोरची महापालिका बांधली तोच. हत्तींची तोंडं आहेत आणि सगळ्यात वर एक मुलगा पुस्तक वाचत बसलाय. रतनसींचा अकाली गेलेला मुलगा. जवळच कोठारींची पाणपोई, १९२३ ची, देविदास प्रभुदास कोठारींनी त्यांच्या लीलावती नावाच्या मुलीसाठी बांधलेली. दोघं बाप, दोघांनी लेकरू गेल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी दिलं. आमच्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आठवली, १९२४ च्या अधिवेशनाला आलेल्या माणसांसाठी खणलेली. मला त्या गॉथिक कमानींपेक्षा हे आवडलं, अगदी खरं सांगते. कमान बघून माणूस दमतो.

सीएसएमटीवर भाच्याचा फोन. त्याला वॉकवाल्यांचा मेसेज आला होता, तुमचे दोन लोक मध्येच गेले, काही तक्रार आहे का? भाचा म्हणाला, मामी, बोल, अर्धे पैसे परत मागतो. मी मागणारच होते. फोन स्पीकरवर होता आणि सहाशेचा आकडा मामंजींनी ऐकला. आधी मला झापलं, चालायला सहाशे देता होय म्हणून. मग फोनकडे तोंड करून म्हणाले, "मागू नको रे. त्या पोरानं फाउंटनचं चांगलं सांगितलंय. फकस्त त्याला म्हणावं, पुढच्या टायमाला ते दुसरं बी सांग."

भाच्यानं ते लिहून पाठवलं. उत्तरात एक अंगठा आला.