सॉफ्ट पेस्टलचा कोपरा: दीड महिन्यानंतरची नोंद

सॉफ्ट पेस्टल म्हणजे भुकटी सुटणारे रंगीत खडू. त्यांनी चित्रं काढायची जागा दोनदा बदलून झाली. आधी बाल्कनीत मांडलं होतं, पण ती पश्चिमेची. तीननंतर ऊन थेट कागदावर यायचं. आता मागच्या खोलीतली उत्तरेची खिडकी धरली आहे. उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो. रात्रीसाठी ५००० केल्विनचा (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००) ९०च्या वरचा एलईडी. आधीच्या पिवळ्या दिव्याखाली रंगवलेली संध्याकाळ सकाळी बघितली तर पार निळी पडली होती.

खरी डोकेदुखी धुळीची. पहिल्याच आठवड्यात उकाड्याने वैतागून पंखा लावला आणि पलंगावर घडी घालून ठेवलेल्या बाबांच्या पांढऱ्या शर्टांवर अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, जाऊन बसलं. आई म्हणाली, "रांगोळी तरी दारात काढतात!" तेव्हापासून काम करताना पंखा बंद, तोंडाला एन-९५, आणि कागदावर फुंकर मारायची सवय प्रयत्नपूर्वक सोडली.

उपाय स्वस्तात झाला. ईझलवरचा (चित्राच्या घोडीवरचा) बोर्ड वरच्या बाजूने किंचित माझ्याकडे झुकवला, म्हणजे भुकटी चित्रावरून घरंगळत न जाता सरळ खाली पडते. खाली इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायरिंगची केसिंग पट्टी, झाकण काढून, पन्हळीसारखी लावली. तिच्यात ओल्या वर्तमानपत्राची घडी. फरशीवर झाडू अजिबात नाही, ओलं फडकंच.

खडू आता रंगांप्रमाणे नाही, तर फिक्यापासून गडदपर्यंत लावलेत. कोणता खडू जास्त गडद अशी शंका आली की ट्रेचा फोनवर कृष्णधवल फोटो काढते. माझा लाल आणि पोपटी त्यात अगदी एकसारखे करडे निघाले! मळलेले खडू तांदळाच्या कणीत घालून डबा हलक्या हाताने हलवायचा, लख्ख होतात. (ती कणी परत तांदळाच्या डब्यात गेली नाही ना, हे आई रोज विचारते.)

कागद कॅन्सन कंपनीचा मी-तांत, १६० जीएसएम (चौरस मीटरला १६० ग्रॅम). जाळीदार बाजू मला चालत नाही, उलटी बाजू वापरते. पावसाळ्यात कागद सर्द होतात, म्हणून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलेत.

फिक्सेटिव्ह (रंग कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारत नाही, फिके रंग मळकट होतात. झालेली चित्रं बटर पेपर घालून दिवाणात आडवी पडून आहेत. तिथे आता सतरा झालीत आणि गाद्यांना जागा उरलेली नाही.